होडीतले चार तास

आचऱ्याची तेजस्वी कुडाळच्या एमआयडीसीत सर्किट बोर्ड तपासते. खराब बोर्डावर लाल पट्टी चिकटवायची आणि कारण लिहायचं, हे तिचं काम. चांगला बोर्ड मुकाट पुढे सरकतो. त्यावर कोणी काही लिहीत नाही. डिप्लोमा झाल्यापासून तीन वर्षं हेच. आता घरची आमटीसुद्धा ती चाखत नाही, तपासते, असं तिची आई म्हणते.

तिचं दुसरं वेड म्हणजे 'शंखबंदर'. मोबाइलवर ऐकायची मालिका, एका काल्पनिक बंदरगावाची. मालिका बंद पडली, पण अकरा चाहत्यांनी गाव चालू ठेवलं. बंदर तेच, माणसं तीच. ज्याने त्याने आपली गोष्ट लिहायची आणि ग्रुपवर टाकायची. नियम एकच, सगळ्यांना विचारल्याशिवाय कुणाला मारायचं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्यातल्या निहारने आपली पहिली गोष्ट टाकली, तेव्हा तेजस्वीने मन लावून चौदा चुका काढून पाठवल्या. गोष्ट तिला आवडली होती. ते मात्र लिहायचं राहून गेलं. निहारने पुन्हा काही लिहिलं नाही.

आता खारेपाटणच्या गौरजाची गोष्ट आली होती, तिची आयुष्यातली पहिली. चार दिवसांत दोन अंगठे उमटले, बाकी सामसूम. शनिवारी सकाळी गौरजाने लिहिलं, "जमली नसावी. उद्या काढून टाकते. राग नाही."

ती गोष्ट तेजस्वीने तीनदा वाचली होती. दीपगृहाचा तिरसट म्हातारा सहा वर्षं रुसलेल्या लेकीला होडीतून घरी आणतो. उतरताना पाणी गुडघाभर. म्हातारा लेकीच्या चपला उचलतो, स्वतःच्या डोक्यावर ठेवतो आणि चालू लागतो. तिथे तेजस्वी भर एसटीत एकटीच हसली होती, आणि मग तिने ओढणीने डोळे पुसले होते.

पण गौरजाला लिहायला बसली की बोटं चुकीकडेच जात. आणि चूक तर होतीच.

पडवीत तिचा मामा, भाई, जाळं शिवत बसला होता.

"सकाळपासून काय पुटपुटतंस गो?"

"एक गोष्ट आसा. वाचू?"

"वाच. हात गुंतलेत, कान मोकळेच आसत."

तिने वाचली. चपलांपाशी भाईची सुई थांबली. गोष्ट संपल्यावर त्याने मान वर केली.

"पंचमीक सकाळी धा वाजता होडी खाडीत इली म्हणता ती?"

तेजस्वीने डोळे मिटले. यालाही सापडली.

"तिथीची पाऊणपट ती भरतीची येळ. पाचाची पावणेचार," भाई बोटांवर मोजत म्हणाला. "म्हणजे पावणेचाराक पुरी भरती. धाक खाडीच्या तोंडार घोटाभर पाणी. होडी आत येतली कशी?"

"चूकच आसा ती. माका ठावक आसा."

"चूक खंयची? भायर थांबली आसतली. आमी थांबत नाय? पाणी भरासर तीन-चार तास." त्याने सुई पुन्हा ओढली. "सा वर्सां अबोलो, नि चार तास एका होडयेत. पळतली खंय? काय बोलली ती, ता सांगूकच नाय तिना. विचार तिका."

तेजस्वीने फोन उचलला.

"गौरजाताई, गोष्ट काढू नका. म्हाताऱ्याने चपला डोक्यावर घेतल्या तिथे मी एसटीत हसले आणि रडले. शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं. माझ्या मामाने जाळं शिवता शिवता ऐकली, त्याची सुई थांबली. ती सहसा जेवणासाठीही थांबत नाही. त्याचा एक प्रश्न आहे. पंचमीला सकाळी दहाला ओहोटी असते, तेव्हा होडी चार तास खाडीबाहेर थांबली असणार. त्या दोघांचं काय बोलणं झालं? आम्हा दोघांनाही ते वाचायचं आहे."

पाठवलं. मग एक वेगळा निरोप निहारला, फक्त त्याच्या गोष्टीत तिला आवडलेल्या जागांचा. त्या नऊ निघाल्या.

दुपारी गौरजाचं उत्तर आलं. "बोलणं मी बघते. पण मामांना विचारा, थांबलेल्या होडीत माणसं खातात काय?"

भाईने जाळं बाजूला ठेवलं, मांडी घातली.

"लिव्ह," तो म्हणाला. "पयली सांग तिका, म्हातारो खावचो नाय. लेकीक वाढतलो नि भूक नाय म्हणान सांगतलो. मगे..."

आईने जेवायला दोनदा हाक मारली. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.