बंद केलेला एक्झॉस्ट

गारखेड्यात मी फ्लेक्सचं दुकान टाकलं, तेव्हा मशीन चालवायला जे गृहस्थ मिळाले ते मूळचे कन्नडचे, पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आल्यावर हातानं रंगवलेल्या पाट्या बंद झाल्या आणि पन्नाशीला आलेला तो माणूस त्याच मशीनवर कामाला आला. मी त्यांना मामा म्हणायचो.

मशीन दहा फुटी. रोज सकाळी मामा आधी टेस्ट प्रिंट काढायचे. रेघ कुठं तुटली, की शाई फवारणाऱ्या त्या हेडला मऊ कापड सॉल्व्हंटमध्ये भिजवून लावायचे.

"पुसायचं नाय भाऊ, टिपायचं. लेकराचं नाक टिपतो तसं."

ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, गल्लीत टँकर. आणि मशीनवर चिकलठाण्याकडच्या नव्या प्लॉटिंगचे बोर्ड निघत होते. निळंशार तळं आणि खाली 'चोवीस तास पाणी'. शेजारी इमारतीचं खोदकाम चाललेलं. एक्झॉस्ट पंखा शाईचा वास बाहेर ओढायचा, पण तेवढीच धूळ दाराच्या फटींतून आत यायची. हेड चोंदू लागली. एक तर कायमचं गेलं. मी पंखा बंद केला आणि फटींना टेप लावली.

"भाऊ, वास लई कोंडतो. डोळे चुरचुरतात," मामा दोन दिवसांनी म्हणाले.

"पाऊस पडेपर्यंत कळ काढा ना, मामा."

त्यांनी तोंडाला रुमाल बांधला. चांगला मास्क आणतो, आणतो म्हणत मी आणलाच नाही. मशीनसाठी मात्र हवा कोरडी पडू नये म्हणून टँकरच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं मी रोज स्वतः टांगत होतो.

खोकला सुरू झाला. मग जिना चढताना ते मध्येच थांबू लागले. एका दुपारी प्रिंट चालू असतानाच मशीनला टेकून खाली बसले. मी रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काम करता त्या खोलीत हवा खेळती आहे का?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "हाय की. पंखा बी हाय."

मी तिथंच उभा होतो.

त्याच संध्याकाळी मी पंखा सुरू केला. मामा पुन्हा कामावर आले नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. त्याच पावसाळ्यात कन्नडला, आपल्या घरी ते वारले.

मी भेटायला गेलो. मामी ओसरीत बसल्या होत्या. वाटेत एसटीत दहा वेळा जुळवलेलं वाक्य कसंबसं तोंडातून निघालं, "मामी, तो पंखा मी बंद केला होता."



"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, भाऊचं मशीन नवं हाय, जपाया पायजे."

मग चहा ठेवायला त्या आत गेल्या.