पाहुण्यांसाठी बिनविरोध

“यांना विचारा, निवडणुकीतून माघार का घेतलीत?” परदेशी बाई मला इंग्रजीत म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढून बसल्या.

समोर हिराबाई कोळीण होती. शेजारी आमचे ब्लॉकचे, म्हणजे विकास गटाचे, साहेब. गाव उरणच्या बाजूचं, खाडीकाठचं. साल एकसष्टच्या आगेमागे. मी सरकारी दुभाषा. लोक आम्हाला ‘इकडचं तिकडे करणारे’ म्हणतात, ते काही खोटं नाही. धंद्याचा नियम साधा आहे. बोलणाऱ्याचा ‘मी’ तोच आपला ‘मी’. समोरचा ‘मला ताप आहे’ म्हणाला, की आपणही ‘मला ताप आहे’ म्हणायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

बाईंचा विषय मोठा होता. लोक जिथे मतं देतात ते देश आपसात लढाया कमी करतात का, हे त्या शोधत होत्या. “मतांनी हरलेला माणूस जिथे मुकाट घरी जातो, तिथे बंदूक लागत नाही,” असं त्यांनी येताना जीपमध्ये मला समजावलं. मला ते पटलंही.

बाई येणार हे कळलं तेव्हाच साहेबांना घाम फुटला होता. गावात दोन तट. कोळणी बोंबील वाळवायच्या ती किनाऱ्यावरची जागा गावचा पुढारी मिठाच्या व्यापाऱ्याला देणार होता. हिराबाई पुढाऱ्याविरुद्ध पंचायतीला उभी राहिली.

“बाई जगाची शांतता अभ्यासायला येतेय आणि आपण तिला फुटलेली डोकी दाखवायची?” साहेब म्हणाले. “निवडणूक बिनविरोध करून टाका.”

मग आम्ही जाऊन हिराबाईला बसवलं. उमेदवाराला बसवणं म्हणजे माघार घ्यायला लावणं. बोलले सगळं साहेब. मी मागे उभा होतो. एक शब्द बोललो नाही, तेव्हा आपले हात स्वच्छ, अशी माझी समजूत.

आता मी बाईंचा प्रश्न मराठीत विचारला. हिराबाई उसळली.

“मी कशाला माघार घेऊ? मना बसवली! पाव्हणी येनार हाय, गावाची अब्रू जाईल, असा बोलला यो साहेब. आनि तू पन व्हतास त्याच्या मागं, मुंडी खाली घालून.”

साहेब पुटपुटले, “गरजेपुरतंच सांगा हो.”

मी सगळं सांगितलं. शेवटच्या वाक्यापाशी मात्र अडलो. नुसतं ‘तू’ म्हटलं तर बाईंना कळणार कसं? “आणि हा दुभाषाही त्यांच्या मागे होता, मान खाली घालून,” असं मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“म्हणजे तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“हो.” दिवसभरात माझं स्वतःचं असं तेवढंच उत्तर.

बाईंनी हिराबाईला विचारायला सांगितलं, पुन्हा उभ्या राहाल का?

“ऱ्हाईन. पन यांना सांग, मना बसवाया येवाचा नाय.”

साहेब उठून जीपकडे निघाले.

पुढच्या निवडणुकीत ती उभी राहिली. मतदान झालं, शिव्यागाळी झाली, ती पडली. निकाल ऐकून तिने पुढाऱ्याला दोन शब्द सुनावले आणि पाटी उचलून बाजाराला गेली. डोकी सगळ्यांची शाबूत होती. बाईंना हेच तर बघायचं होतं. पण तोवर बोंबलांच्या जागेवर मिठाच्या राशी पडल्या होत्या. हरायची तिची तयारी होती. आम्ही तिला धड हरूही दिलं नव्हतं, याची मला अजून लाज वाटते.

नवीन दुभाष्यांना मी एकच सांगतो. गप्प उभं राहिलेल्या माणसाचंही भाषांतर होतं, आणि कधी कधी ते त्यालाच करावं लागतं.