काचेवरचं बोट

मी मुळातच संशयी. भाजीवालीनं एक वांगं जादा टाकलं तरी मी ते फिरवून कीड शोधतो. त्या वर्षी तर अख्खं शहरच तसं झालं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला, आणि कोण बाजूनं, कोण विरोधात हे चहा पितानाही माणसं एकमेकांच्या तोंडावर शोधायची.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. मोठ्या ड्रॉइंगच्या प्रती अमोनियाच्या मशीनवर निघायच्या. ट्रेसिंगखाली कोरा कागद ठेवून दोन्ही आत सरकवायचे. आत काचेचा रूळ फिरायचा, रुळातला उजेड कागदावर पडायचा, मग अमोनियाची वाफ लागली की जिथं उजेड अडला तिथं निळं उमटून निळ्या रेघांची प्रत बाहेर. मशीन चालवणारा माझ्याच वयाचा, नामांतराच्या मोर्चात जाणारा. मी सिल्लोडकडचा. आमच्या घरी त्या मोर्चाचं नाव काढलं तरी थोरल्या भावाचं तोंड वाकडं व्हायचं. हा मशीनवाला टेम्पररी होता, आणि त्याला पर्मनंट करायचं का नाही ते महिनाअखेरीस ठरणार होतं.

दसरा झाला आणि प्रतींवर बदामाएवढा निळा डाग यायला लागला. कधी कोपऱ्यात, कधी मधोमध. एकदा तो नेमका मापावर पडला, आकडा चुकीचा वाचला गेला आणि वर्कशॉपमध्ये जॉब वाया गेला. मला वाटलं, यानंच केलं. खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली तेव्हा हा दारात उभा होता. पेढा घेतला, पण हात जोडले नाहीत. ते माझ्या डोक्यात बसलं होतं.

तरी आधी कागद बदलला, अमोनिया बदलला, रुळातली ट्यूबसुद्धा बाजूनं ओढून बदलली. डाग जाईना.

तो म्हणाला, "भाऊ, झाकण काढून एकदा तुम्हीच बघा ना."

"मशीन तू चालवतोस, मी कशाला बघू?" म्हटलं. चोर तो चोर, वर शिरजोर. त्याच दुपारी मॅनेजरला लेखी दिलं की हा माणूस मुद्दाम प्रती खराब करतो.

दुसऱ्या दिवशी शेडच्या लांबलचक ड्रॉइंगची प्रत काढली. त्यावर चार डाग, एका रेषेत. पट्टी लावली तर चारींमधलं अंतर सारखं. मुद्दाम डाग पाडणारा पट्टी घेऊन पाडतो होय? अंतर रुळाच्या घेराएवढं होतं. म्हणजे डाग कागदावर नव्हता, रुळावर होता.

झाकण काढलं. काचेवर तेलात कालवलेलं कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. खंडेनवमीला मीच लावलेलं. स्विचला, स्टँडला, आणि मशीनचा जीव म्हणून झाकण उघडून काचेला. बोट टेकवून पाहिलं, बरोबर बसलं. मला माझीच लई लाज वाटली.

तो मागंच उभा होता.

"तुला दिसलं होतं?"

"व्हय. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"मग पुसलं का नाय?" मी उलटा त्याच्यावरच चिडलो.

"पूजेचं कुंकू मी पुसलं असतं, तर तुम्ही काय लिहून दिलं असतं?"

मी काच पुसली आणि मॅनेजरकडं पळालो. माझ्या तक्रारीचा कागद सकाळीच वरच्या साहेबांकडं गेला होता. मी दुसरा लिहिला, त्यात माझं बोट, माझं कुंकू, सगळं कबूल केलं. तरी तो पर्मनंट झाला सहा महिने उशिरा.

त्या सहा महिन्यांत रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी तो झाकण काढायचा आणि मला हाक मारायचा, "भाऊ, काच बघून घ्या."