शिवणवर्गातली अदी

शिवणवर्गात अदी सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. पण त्या साऱ्या वेळात तिने सुईला कधी हात लावला नाही. खिडकीजवळचं मशीन तिच्या वाट्याला आलं होतं. त्याच्याकडे पाठ करून ती स्टुलावर बसायची, पांढरी ओढणी डोक्यावरून नीट घ्यायची आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. मी तिथली शिवण शिकवणारी बाई. नोकरी नवी, वय तिची मुलगी शोभावी एवढं. एकदा धीर करून म्हटलं, "अदी, निदान दोरा तरी ओवून बघा."

"हुकूम आने का है, मास्तरयाणी," ती शांतपणे म्हणाली. "मैं आ गई."

हुकूम खराच होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी बरॅकींमध्ये राहत होती. उल्हासनगर हे नाव नुकतंच पडलं होतं, पण आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. सुरुवातीला घरटी मोफत शिधा मिळायचा. मग हुकूम निघाला की धडधाकट माणसाने काम करायचं, नाहीतर एखादं कसब शिकायचं. जो येणार नाही त्याचा शिधा बंद. पुरुष खडी फोडायला आणि रस्त्यावर माती टाकायला गेले. बायका पाच नंबर कॅम्पातल्या आमच्या शिवणवर्गात आल्या. अदी त्यांच्यातलीच. अदी म्हणजे सिंधीत बहीण. तिचं खरं नाव कुणीच घेत नसे.

मी अंबरनाथची, शेतकऱ्याच्या घरातली. मॅट्रिक झाले, शिवणाची परीक्षा दिली आणि वालधुनी नदी ओलांडून रोज कॅम्पात जाऊ लागले. आईला ते पसंत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्कराने आमच्या चुलत्यांची जमीन घेतली होती. लढाई संपली, लष्कर गेलं आणि तिथे ही माणसं आली. "आमी चिखलात राबून खातो," आई म्हणायची, "न त्यांना सरकार बसून घालतो. वर तू त्यांना शिकवाला जातंस."

अदी बसून खाणाऱ्यांतली दिसायची खरी. पण तिच्या बरॅकीत गेले तेव्हा मला वेगळंच दिसलं. लांबच लांब खोलीत गोणपाटाचे पडदे लावून घरं केलेली. अदीच्या पडद्याआड तिचा नवरा भिंतीशी बसलेला असे. सगळे त्याला सेठ म्हणत. शिकारपूरला त्याचं कापडाचं दुकान होतं. खडी फोडायला तो एकच दिवस गेला. संध्याकाळी परत आला, हातोडी दाराशी ठेवली आणि तेव्हापासून पडद्याबाहेर पडला नाही की कुणाशी बोलला नाही. त्याचा शिधा साहजिकच बंद झाला. आता अदीच्या शिध्यावर तो, ती आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी अशी तीन माणसं जगत होती. म्हणून ती एकही दिवस चुकवत नसे.

मी तिला विचारलं, "मग शिकत का नाही? शिकलात तर घरी बसूनही काही करता येईल."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम लोग हमको क्या बोलते हो? निर्वासित. उसका मतलब?"

"ज्याचं घर गेलं तो."

"घर नहीं गया," ती म्हणाली. "घर वहीं है. हम गए." मग पुन्हा भिंतीकडे बघत म्हणाली, "आज सीना सीखूँगी तो कल यहाँ की हो जाऊँगी. फिर सेठ किसके साथ वापस जाएगा?"

त्यानंतर मी तिला पुन्हा दोरा ओवायला सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात कॅम्पचे साहेब वर्गात आले. थकलेला, सभ्य माणूस होता. त्यांनी उभ्यानेच सांगितलं की होळीनंतर मोफत शिधा सगळ्यांचाच बंद होणार. वर्गाचं म्हणाल तर इथे शिवलेला माल विकला गेला तर तो चालू राहील, नाहीतर तोही बंद. एवढं बोलून ते गेले. बायका एकमेकींकडे बघत बसल्या. एकजण रडू लागली तशा बाकीच्याही रडू लागल्या.

अदी उठली. मला म्हणाली, "माल कहाँ है? दिखा."

मागच्या खोलीत माल होता. सरकारने दिलेल्या कापडाचे, सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्याचे बुशशर्ट, लेंगे आणि उशांचे अभ्रे छतापर्यंत रचलेले. अदीने एक अभ्रा उचलून उलटसुलट केला. "ये किसके वास्ते सिया?"

कुणासाठी हे मलाही कधी सांगण्यात आलं नव्हतं.

"तेरे गाँव में तकिया लेते हैं?"

"नाही. घोंगडीची वळकटी घेतात."

"चल," ती म्हणाली. "तेरा गाँव दिखा."

रविवारी मी तिला घरी नेलं. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने अदीकडे पाहिलं, पण ये म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. अदी ओट्याखालीच उभी राहिली. तेवढ्यात आत झोळीतलं माझ्या भावाचं पोर रडायला लागलं. वहिनी पाण्यावर गेली होती. मी त्याला बाहेर आणलं, पण ते काही गप्प होईना. अदीने हात पुढे केले. पोर तिच्या खांद्यावर गेलं आणि हुंदके देत देत शांत झालं.

"बग," आई नाइलाजाने म्हणाली. "आमच्याकं दिसभर बोंबलतो."

अदी पोराच्या डोक्यावरचं टोपडं निरखत होती. "ये किसने सिया?"

"मीच. जुन्या लुगड्याचा हाय."

"पीछे ये क्या है?"

"चुन्या हान त्या. चुन्या नाय घातल्या तं मान आवलतं पोराची." आईने सूप बाजूला सारलं. "आन हिकडं. असा नाय, असा धर."

मग कितीतरी वेळ त्या दोघी एका टोपड्यावर डोकी लावून बसल्या. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला हिंदी. मला कुणी काही विचारलं नाही. निघताना आईने चहा ठेवला, आणि तोही घरच्या माणसांच्या कपात दिला.

परतताना अदी म्हणाली, "आदमी पुराना पहन लेगा. औरत भी पहन लेगी. बच्चे को नया पहनाएँगे."

साहेबांकडे मी परवानगी मागायला गेले. पडून असलेला माल कापून त्याची लहान मुलांची टोपडी आणि झबली करायची होती. ते म्हणाले, "कापा. नाहीतरी उंदीर खाणारच आहेत."

दुसऱ्या दिवशी अदीने स्टूल फिरवून मशीनकडे तोंड केलं. मी तिला पट्टा कसा चढवायचा ते दाखवलं. खरं सांगायचं तर तिचं शिवण वाकडं होतं आणि शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. पण कुठला रंग कशाशेजारी ठेवायचा हे तिला बरोबर कळायचं. सिंधकडे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारख्या रल्ल्या करतात. तसे रंगीत चिंध्यांचे तुकडे तिने बायकांकडून टोपड्यांवर जोडून घेतले. तरी तिचं समाधान होईना. "कुछ कम है," असं म्हणत राहायची.

एके सकाळी ती घरून एक जुनी ओढणी घेऊन आली. लाल, जरा विटलेली, तिच्यावर छोटे छोटे आरसे टाकलेले. तिच्या लग्नातली. तिकडून येताना अंगावरच्या कपड्यांखेरीज जे थोडं तिने आणलं होतं त्यातली. माझी कात्री घेऊन ती आरसे उसवू लागली. मी तिचा हात धरला.

"रहने दे," ती म्हणाली. "संदूक में पड़े-पड़े किसका मुँह देखेंगे?"

प्रत्येक टोपड्याच्या कपाळावर एक आरसा बसला.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरापाशी मोठी जत्रा भरते. बदलापूरपासून, पार डोंगराकडच्या वाड्यांवरून माणसं येतात. आम्ही दोघी सकाळीच गाठोडं घेऊन गेलो आणि देवळाच्या वाटेवर गोणपाट अंथरून बसलो. आणि तिथे अदी गोठली. जिच्या घरातल्या बायका पडद्याच्या टांग्यातून बाहेर पडायच्या, तिला भर रस्त्यात ओरडून माल विकता येईना. तिने ओढणी नाकापर्यंत ओढली आणि मान खाली घातली. मीच "टोपडी घ्या, टोपडी" असं पुटपुटत राहिले. माणसं बघत होती आणि पुढे जात होती. ऊन चढलं. मला वाटलं, संपलं सगळं. होळीनंतर या बायका काय खाणार?

कडेवर पोर घेतलेली बदलापूरकडची एक शेतकरीण थांबली. टोपडं उचलून म्हणाली, "ह्यात आरसा कनाला गो?"

अदीने मान वर केली. आमच्या घरी ऐकलेले आणि वर्गात उचललेले शब्द जोडून ती म्हणाली, "नजर लागनार नाय, माय. जो वाईट बघेल, त्याची नजर त्याच्याच तोंडावर जाईल."

ती बाई हसली. तिने टोपडं पोराच्या डोक्यावर चढवलं, नाडी बांधली आणि शेजारणीला हाक मारली. शेजारणीने तिच्या जावेला बोलावलं. बघता बघता आमच्याभोवती लुगड्यांचा गराडा पडला. कुणी निळं मागे, कुणी लाल. कुणी उचललेलं टाकून दुसरं ओढी. सगळा माल विस्कटला. अदी गांगरली, मीही गांगरले.

तेवढ्यात आमच्या मागून एक हात पुढे आला आणि विस्कटलेली झबली घडी करून लावू लागला. एक घडी, तिच्यावर दुसरी, काठाला काठ लावून. मी वळून पाहिलं. सेठ होता. चुरगळलेला पण धुतलेला कुडता, डोक्यावर काळी टोपी. कॅम्पातून पायी आला असावा, पावलं धुळीने भरली होती. तो गोणपाटावर बसला, गर्दीकडे पाहिलं आणि घसा साफ करून म्हणाला, "बैठो माई, बैठके देखो. देखने का कुछ नहीं लगता."

त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. भारदस्त, गोड आवाज होता. अदीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती फक्त थोडी सरकली आणि त्याला नीट बसायला जागा करून दिली.

दुपार कलायच्या आत गाठोडं रिकामं झालं. परतताना सेठ पुढे चालत होता. नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं. पात्राच्या मध्यावर अदी थांबली, वाकली आणि तोंडावर पाणी मारू लागली. ती बराच वेळ पाणी मारत राहिली. मी गाठोड्याचं फडकं धरून बाजूला उभी राहिले.

होळी झाली. शिध्याच्या शेवटच्या दिवशी रांगेत रडारड होती, भांडणं होती. अदी धुतलेले कपडे घालून गेली, शिधा ओढणीत घेतला आणि देणाऱ्या कारकुनाला म्हणाली, "मेहरबानी. बुरे वक्त में दिया." त्या कारकुनाला असं कुणी बोलल्याचं आठवत नव्हतं. तो उठून उभा राहिला.

वर्ग आणखी काही काळ चालला. माल बदलापूरच्या आणि कल्याणच्या बाजारात जाऊ लागला. सेठने पाच नंबरमध्ये एका पत्र्याच्या टपरीत लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान थाटलं आणि वर्गातल्या कितीतरी बायका त्याच्यासाठी घरी शिवू लागल्या. मग सरकारला वर्गाची गरज उरली नाही. वर्ग बंद झाला आणि माझी नोकरी गेली.

इतरांना कामाला लावण्याची ती नोकरी होती. ती गेल्यावर मीच ओट्यावर बसून राहू लागले. सकाळी उठावंसं वाटेना. आता मला सेठचं ते भिंतीशी बसणं कळत होतं. अशीच एक दिवस बसले असताना अदी आली. मागोमाग सेठ. आईने आतून पाट आणून ठेवले.

"मास्तरयाणी मला पायजे," अदी आईला म्हणाली. आता ती मराठीच बोलायची, तिचं तिचं. "माझ्या बायका वाकडं शिवतात. माझ्यासारखं."

"तिचा लगीन कराचा हाय," आई म्हणाली.

"कर ना. लगीन केला तर हात तुटतात काय?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "जा गो. हितं बसून भिंतच बगतंस."

लग्न होईपर्यंत मी अदीकडे शिकवलं. बदलापूरला सासरी आल्यावर तिथेही घरच्या पडवीत शिवणाचा वर्ग काढला. सासूबाई कुरकुरल्या तेव्हा अदी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलली. काय बोलली ते दोघींनीही कधी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पडवीतली भाताची कणगी हलवून मला जागा करून दिली. तो वर्ग पुढे वर्षानुवर्षं चालला.

काही वर्षांनी अदी गेली, लग्नसराईच्या दिवसांत, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन. निरोप आला तेव्हा मी गाडीने निघाले. पाच नंबरमधल्या तिच्या घरापुढे माणसं मावत नव्हती. वर्गातल्या बायका होत्या, बाजारातले दुकानदार होते, आसपासच्या गावांतल्या बायकाही आल्या होत्या. सेठ दाराशी उभा राहून येईल त्याला हात जोडत होता, प्रत्येकाशी दोन शब्द बोलत होता.

आत गेले तर आई माझ्याआधीच येऊन बसली होती. अंबरनाथहून चालत आली होती, भाकऱ्या आणि पिठलं फडक्यात बांधून. अदीची मुलगी आता मोठी झाली होती. ती कालपासून काही खात नव्हती आणि आई तिला घास भरवत होती. बाहेरगावची एक पाहुणी हे बघत होती. तिने आईचं लुगडं पाहिलं, कपाळावरचं आडवं कुंकू पाहिलं आणि हळूच विचारलं, "आप इनकी कौन?"

आईने वर पाहिलं नाही.

"घरचीच हाय मी," ती म्हणाली, आणि पोरीसाठी पुढचा घास केला.