रिकामा खिळा

शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या मावशीला मुलं पाठीमागे 'थांबबाई' म्हणत. कुणीही समोर आलं की तिच्या तोंडून पहिला शब्द निघे, "थांब." मग तो पालक असो, पोस्टमन असो, नाहीतर शाळा तपासायला आलेला साहेब असो. त्या साहेबांना तिने ओळखपत्र सापडेपर्यंत उन्हात उभं केलं होतं आणि सापडल्यावर, फोटोत मिशा आहेत त्या कुठे गेल्या, असंही विचारलं होतं. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "यम आला तरी तू त्याच्याकडून वहीत सही घेशील." तो गेला त्या दुपारी मावशी फाटकावर होती. सही कुणी घेतली नाही.

घरीही तेच. दूध हुंगल्याशिवाय तापवायचं नाही, कडी तीनदा ओढून पाहायची. सून म्हणाली, "आई, दार लावलंय मी," की मावशी उठून पुन्हा बघायची. सून नवीन होती तेव्हा रागवायची. आता नुसती हसायची.

मावशी जन्मतः अशी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी एका मुलाला त्याचा बाप न्यायला आला होता. रोजचा माणूस, हसतमुख, पोराचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेणारा. कोर्टाने पोर आईकडे सोपवलंय ही गोष्ट फाटकापर्यंत कुणी पोचवलीच नव्हती. मावशीने हसून सोडलं. मूल चार दिवसांनी दुसऱ्या गावात सापडलं, धडधाकट सापडलं. पण त्या चार दिवसांत मावशीच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्यातून तिने एकच धडा घेतला: धोका बाहेरून येतो, आणि हसत येतो.

मग तिने शाळेच्या सुताराकडून एक फळी करून घेतली. फळीवर दोनशे बारा खिळे, प्रत्येक खिळ्याखाली आकडा, आणि खिळ्यावर त्याच आकड्याचा पत्र्याचा बिल्ला. सकाळी मूल आत येताना आपला बिल्ला काढून गळ्यात घाली. सुटताना न्यायला आलेला माणूस मावशी नीट न्याहाळी, मुलाकडून बिल्ला घेई आणि खिळ्याला लावी. खिळा रिकामा, म्हणजे पोर आत. पोर आत, म्हणजे सुखरूप. फळी भरली की तिचा जीव भांड्यात पडे आणि ती फाटकाला कुलूप लावून घरी जाई. तिचं स्टूल रस्त्याकडे तोंड करून असे. फाटकावर 'अनोळखी व्यक्तींपासून सावध राहा' असा कागद होता, त्याचंही तोंड रस्त्याकडे.

चौऱ्याण्णव नंबर तिसरीतल्या एका मुलीचा होता. सगळी शाळा तिला हळूबाई म्हणे, कारण ती वाचायला उभी राहिली की एका ओळीत अख्खा तास जाई. मावशीही तिला हळूबाईच म्हणायची, लाडाने. मुलीची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती, संध्याकाळी उशिरा सुटायची. म्हणून मुलगी व्हॅनने जायची.

व्हॅनवाला त्याच वर्षी नवा लागला होता. मावशीला तो पहिल्याच दिवशी खटकला. एक तर तो शीळ घालायचा. दुसरं म्हणजे त्याच्या समोरच्या खणात रंगीत पेन्सिलींचा डबा होता. व्हॅनवाल्याला पेन्सिली कशाला लागतात? विचारलं तर म्हणाला, पोरं चित्रं काढत बसली की भांडत नाहीत. उत्तर इतकं सरळ होतं की मावशीला त्याचाच संशय आला.

पावसाळा संपता संपता तिच्या लक्षात आलं की मंगळवारी आणि गुरुवारी चौऱ्याण्णवचा खिळा बराच वेळ रिकामा राहतो. बाकी फळी भरे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी हळूबाई खाली मान घालून येई. कुठे होतीस, विचारलं की एकच उत्तर: "बाटली विसरले होते." बाटली पट्ट्याने गळ्यात अडकवलेली असे. आठवड्यातून नेमक्या त्याच दोन दिवशी बाटली कशी विसरते? मावशीच्या मनात पाल चुकचुकली. त्यातच मुलीच्या पाठीवर, गणवेशाच्या पांढऱ्या कापडावर, निळी भुकटी दिसली. मावशीने रस्त्यापलीकडच्या व्हॅनकडे पाहिलं. व्हॅन निळी होती. ती मुद्दाम जवळून गेली आणि दाराच्या कडेला नख लावून पाहिलं. रंग नखात आला.

भुकटी संध्याकाळी दिसते, सकाळी व्हॅनमधून उतरताना नसते, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण ठरवून बघणाऱ्याला ठरलेलंच दिसतं.

व्हॅनवाल्यानेच एकदा विषय काढला. म्हणाला, "मावशी, या पोरीला आत उशीर का होतो ते जरा आत विचारा ना. त्या दोन दिवशी ती एक शब्द बोलत नाही. एरवी माझं डोकं खाते."

"ती बोलते की नाही ते तू कशाला मोजतोस?" मावशीने विचारलं.

तो व्हॅनकडे वळला. चोराच्या उलट्या बोंबा, असं मनाशी म्हणत मावशी दुसऱ्या सकाळी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेली. पेन्सिली, शीळ, निळा रंग, सगळं सांगितलं. बाई सावध होत्या. पुरावा नाही म्हणाल्या, पण फोन मात्र केले. आठवडाभरात व्हॅनमधली अकरापैकी नऊ मुलं आयांनी काढून घेतली. व्हॅनवाल्याला फाटकाजवळ उभं राहायला मनाई झाली. उरलेल्या दोघांसाठी तो रस्त्यापलीकडे झाडाखाली थांबू लागला. शीळ बंद झाली होती. मावशीला बरं वाटलं.

हळूबाईला न्यायला आता तिचे आजोबा येऊ लागले, काठी टेकत. पुढचा मंगळवार आला. फळी भरली, चौऱ्याण्णव रिकामा. वीस मिनिटं झाली. मुलगी आली, आणि आजोबांचा हात धरायला वळली तेव्हा तिच्या पाठीवर तोच निळा रंग होता.

मावशीचा हात बिल्ल्यासह खिळ्यापाशीच थांबला. आता व्हॅन नव्हती.

आजोबांना काही विशेष वाटत नव्हतं. भूगोलाचे सर मंगळवार-गुरुवार जादा वाचन घेतात, त्यांनी पोरीच्या आईला तशी चिठ्ठी पाठवली होती, असं ते म्हणाले. फुकट शिकवणारी माणसं आता कुठे राहिलीत, असंही म्हणाले. मावशीने मुलीला विचारलं, सर कुठे शिकवतात, वर्गात?

"सांगायचं नाहीये," मुलगी म्हणाली.

"कुणी सांगितलं तसं?"

मुलीने जिन्याकडे पाहिलं आणि बाटलीचं झाकण उघडझाप करत राहिली.

भूगोलाचे सर शाळेत सर्वांत जुने. मारकुटे नव्हेत, ओरडत नसत. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं मोठी होऊन पाया पडायला येत. मावशीचा गुडघा दुखायला लागला तेव्हा तिला बसायला स्टूल त्यांनीच दिलं होतं, वर उशी शिवून. ते खाली आले आणि रोजच्यासारखे थांबले.

"काय मावशीबाई, गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे," ती म्हणाली. सरांच्या बाहीच्या कडेला निळा रंग होता. चिमूटभर. त्यांनी तो सहज झटकला आणि निघून गेले.

मावशी फाटक लावून तिथेच बसून राहिली. वरच्या मजल्याच्या टोकाला नकाशांची खोली होती. ती रंगवली तेव्हा चुन्यात नीळ जास्त पडली होती आणि रंगारी म्हणाला होता की हात लावाल तर अंगाला येईल. त्या खोलीला खिडकी नव्हती. गुडघ्यामुळे मावशी कितीतरी वर्षांत वर गेलेली नव्हती. आत काय चालतं ते बघायचं तिचं काम नव्हतं. ती दार राखायची. साप साप म्हणून तिने कुणाची भुई धोपटली होती हे तिला त्या स्टुलावर बसल्या बसल्या उमगत गेलं, आणि उशी टोचायला लागली. तरी खात्री नव्हती. सर खरंच शिकवत असतील. तिचा संशय एकदा चुकला होता, तो दुसऱ्यांदाही चुकू शकत होता.

गुरुवारी घंटा झाली. मुलं लोंढ्याने आली. मावशीने माणसं न्याहाळली, बिल्ले घेतले, लावले. फळी भरत आली. चौऱ्याण्णवचा खिळा तेवढा सारखा डोळ्यांत येत होता. आत, पण कुठे? अकरा वर्षांत हा प्रश्न तिने एकदाही त्या खिळ्याला विचारला नव्हता.

वर जायचं तर फाटक सोडावं लागणार होतं. अजून तीसेक मुलं बाकी होती. बावीस वर्षांत शाळा सुटताना तिने फाटक सोडलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही नाही. सोडलं आणि एखादं मूल भलत्याच्या हाती गेलं तर? शिपाई बँकेत गेला होता. तिने रस्त्यापलीकडे पाहिलं.

"ए व्हॅनवाल्या. इकडे ये."

तो आला, पण दोन हात लांबच थांबला. "आता काय केलं मी?"

तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. "कुणालाही सोडायचं नाही. माणूस बघायचा, मुलाला विचारायचं, बिल्ला घ्यायचा, मग लावायचा. ओळखीचा असला तरी."

त्याने किल्लीकडे पाहिलं. "आणि माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"मी वरून बघते," मावशी म्हणाली.

जिन्याला अडतीस पायऱ्या होत्या. प्रत्येक वळणावरच्या जाळीतून तिने खाली नजर टाकली; सवय जात नाही. वरचा व्हरांडा रिकामा होता. नकाशांच्या खोलीला बाहेरून कडी होती. आतून बारीक आवाज येत होता, एकाच वाक्याचा, पुन्हा पुन्हा तोच. मावशीने कडी काढली.

गुंडाळलेल्या नकाशांमध्ये, भिंतीला पाठ लावून मुलगी बसली होती. मांडीवर पुस्तक. दार उघडल्याचा आवाज येताच तिचा स्वर एकदम वर चढला आणि तिने घाईघाईने पान उलटलं. त्या खोलीत अक्षर दिसेल इतका उजेडच नव्हता. वाक्य पाठ होतं.

"मी आहे," मावशी म्हणाली. हळूबाई हा शब्द तोंडापर्यंत आला होता. हे नाव पहिल्यांदा सरांनीच ठेवलं असणार, ते तिला त्या क्षणी कळलं. "चल बाळा. बाहेर ये."

सर कपबशी हातात घेऊन व्हरांड्यातून येत होते. ते दचकले नाहीत, हेच मावशीला भयंकर वाटलं. त्यांनी शांतपणे समजावलं. चारचौघांत ही मुलं बुजतात, एकटी बसली की तोंड उघडतं; त्यांच्या वडिलांनी त्यांनाही असंच बसवलं होतं, म्हणून तर वाचायला आलं. "मावशीबाई, एवढ्या वर्षांत एका मुलाच्या अंगाला बोट लावलेलं नाही मी."

"कडीला लावलंत ना," मावशी म्हणाली.

"तिची काही तक्रार नाही. विचारा तिला. कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय."

"तेच सांगायला चाललेय बाईंना," मावशी म्हणाली, आणि मुलीचा हात धरून जिना उतरली. मुलीचा तळवा निळा होता. तो मावशीच्या हाताला लागला.

फाटकाशी रांग लागली होती. व्हॅनवाला एका रोजच्या बापाला ओळखपत्र मागत होता आणि बाप चिडला होता. फळी जवळजवळ भरली होती. चौऱ्याण्णव सोडून आणखी दोन खिळे रिकामे होते, आणि दोन मुलं पायरीवर पेन्सिलींनी चित्रं काढत बसली होती.

"ही कुणाची?" मावशीने विचारलं.

"माझीच," व्हॅनवाला म्हणाला. "पण मला मीच कसा सोडू? तुम्ही बघा, मग नेतो."

मावशीने त्याला नखशिखान्त न्याहाळलं, मुलांना विचारलं, आणि दोन बिल्ले लावले. माफीचा विषय दोघांनीही काढला नाही. संध्याकाळी तिने बाईंना दोन कागद दिले. एक नकाशांच्या खोलीचा. दुसऱ्यावर लिहिलं होतं की व्हॅनवाल्याविरुद्धची माझी तक्रार खोटी ठरली, तेव्हा ज्यांना फोन केले होते त्या सगळ्यांना पुन्हा फोन करावेत.

चौकशी झाली. सर रजेवर गेले ते परत आले नाहीत. नंतर आणखी दोन मुलांच्या आया आल्या, आणि एक कॉलेजात जाणारा मुलगाही आला. तो फक्त त्या खोलीचं दार बघून गेला. फाटक सोडल्याबद्दल मावशीला लेखी ताकीद मिळाली. ती तिने घडी करून फळीच्या मागे खोचली. नऊपैकी चार मुलं व्हॅनमध्ये परत आली. बाकीच्या आयांचं म्हणणं होतं की काहीतरी असल्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि हे ऐकताना मावशी खाली बघे, कारण बोलणारी तीच होती.

वरच्या सगळ्या खोल्यांच्या बाहेरच्या कड्या सुताराने काढल्या. नकाशांच्या खोलीला जाळीची खिडकी पाडली. मावशीने सरांनी दिलेलं स्टूल शाळेला देऊन टाकलं आणि घरून लाकडी पाट आणला. तो असा आडवा ठेवला की एका बाजूला रस्ता दिसेल, दुसऱ्या बाजूला जिना. गुडघा कुरकुरतो. सून म्हणते, आता निवृत्त व्हा. मावशी विचारते, माझ्या जागी कोण येणार आहे, तुला माहीत आहे?

मुलगी आता बाईंच्या खोलीत, दार उघडं ठेवून, चौघींबरोबर वाचते. अजून हळूच वाचते. परवा मंगळवारी फळी भरली आणि चौऱ्याण्णव रिकामा राहिला. मावशी उठतच होती, तेवढ्यात मुलगी पळत आली, धापा टाकत.

"बाटली विसरले होते."

बाटली हातात होती, पट्टा तुटलेला. पाठ पांढरी स्वच्छ होती. आजोबा हसले. व्हॅनवाला आपणहून येऊन फळीपाशी राखणीला उभा राहिला.

"थांब," मावशी म्हणाली, आणि अडतीस पायऱ्या चढून वर बघून आली.