तिसऱ्या गिअरची खोड

शिवाप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात शिडीवर चढून एका गिऱ्हाइकासाठी क्लच प्लेट काढत होतो. फोन सुमनचा, माझ्या बायकोचा. "अहो, शिवाअण्णा गेले... दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." मी शिडीच्या पायरीवरच बसलो. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता गाडीचं काय होणार? चाळीस वर्षांची दोस्ती, आणि पहिला विचार गाडीचा. लिहायला लाज वाटते, पण शिवावर लिहायचं आणि माझी जळजळ तेवढी लपवायची, तर तो लेख खोटा होईल. मातीला आलेली माणसं त्याला देवमाणूस म्हणत होती, लई मोठ्या मनाचा म्हणत होती. मला तेही सोसत नव्हतं. मी घोळक्यात उभा राहून अंगणातल्या गाडीकडे बघत होतो.

गाडी मूळची माझी. बेळगावच्या कॅम्पात मिलिटरीच्या जुन्या ट्रकांचा लिलाव होता, तिथं घेतलेली. पुढं लांब नाक, दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे दिवे, अंगभर हिरवा रंग. आम्ही दोघं निपाणीहून लाल बसनं गेलतो. मी आपला टायर बघतोय, स्प्रिंगचे पाटे मोजतोय, आणि शिवा बॉनेटवर पालथा हात ठेवून डोळे मिटून उभा. चालू इंजिनाचं त्यानं दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि म्हणाला, "घे, मारत्या. हिच्या पोटात काय बी खोट न्हाय." मी घेतली. गाडी माझ्या नावावर झाली आणि त्याच दिवसापासून तिनं माझं ऐकायचं सोडलं. संकेश्वरात बंद पडली, कागलला बंद पडली, एकदा तर भर बाजारात, निपाणीच्या चौकात, दोन्हीकडची वाहतूक अडवून बसली. मी सेल्फ मारमारून थकायचो, तोंडाला येईल ते बोलायचो. मग कुणीतरी शिवाला बोलावून आणायचं. तो यायचा, डिझेलच्या नळीतली हवा काढायचा, बॉनेटवर थाप मारायचा आणि कन्नडात म्हणायचा, "नडी, तंगी." चल गं बहिणी. आणि ती चालू व्हायची. बघे हसायचे. "गाडी मारुतीची, पण ऐकती शिवाचं." एकदा मीही आजूबाजूला कुणी नाही बघून "नडी, तंगी" म्हणून पाहिलं. ढिम्म हलली नाही.

नऊ वर्षं असं चाललं. एके दिवशी जेवताना सुमन सहज म्हणाली, "ती गाडी त्यांस्नीच देऊन टाका की. तुमच्यासंगं नांदत न्हाय ती." मला ताटावरून उठावंसं वाटलं. पण नवीन गाडी घ्यायची होतीच, शिवाचंही मन त्या जुन्या गाडीवर बसलेलं. दिली. आमच्या भागात जुनी गाडी देताना एक रीत आहे. विकणाऱ्यानं एक फेरी घेणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि गाडीच्या सगळ्या खोडी सांगायच्या. कागदपत्रात खोडी लिहिलेल्या नसतात. त्या तोंडानंच द्यायच्या. खोडी सांगून झाल्या की गाडी दिली, असं धरतात. आम्ही रिकामी गाडी घेऊन संकेश्वरला जाऊन आलो. मी सांगत गेलो... सकाळी ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय धरत नाही, उजवं दार वर उचलून ओढावं लागतं, डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, त्याच्या नादाला लागू नको. शिवा प्रत्येक खोडीला "व्हय" म्हणत होता, हसत होता, एखाद्या लहान पोरीचं कौतुक ऐकावं तसा. ते हसणं बघून माझ्या पोटात दुखायला लागलं. आणि मी एक खोड सांगितली नाही.

भरलेली गाडी घाट उतरायला लागली की तिचा तिसरा गिअर सुटायचा. रिकाम्या गाडीत हे कळत नाही. ओझं असलं आणि उतार लागला की दांडी आपोआप मधे यायची, गाडी मोकळी सुटायची आणि सगळा भार ब्रेकवर यायचा. मी नऊ वर्षं डाव्या हातानं ती दांडी मागं दाबून धरून, एका हातानं स्टेअरिंग सांभाळत संकेश्वरहून निपाणीला येताना लागणारा तवंदी घाट उतरलोय. हे सांगायचं सोडून मी काय केलं, तर निपाणी आल्यावर खाली उतरलो, त्याच्या हातात किल्ली दिली आणि म्हणालो, "झालं. एवढंच." एकदा तरी या गाडीनं त्याचं ऐकू नये, एकदा तरी लोकांनी ते बघावं, एवढंच माझ्या मनात होतं. कुणाचं वाईट व्हावं असं नव्हतं... असं मी स्वतःला सांगत आलो. पण घाट काय असतो हे मला माहीत नव्हतं थोडंच!

तिसऱ्या दिवशी कळलं की शिवा मक्याची पोती भरून संकेश्वरहून येतोय. त्या दुपारी मी घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. समोर चहावर साय धरली. वरून येणारी प्रत्येक गाडी मी बघत होतो. सांगायला जायचं तर आता उशीर झालेला. त्या तासाभरात मी किती देव आठवले ते मलाच ठाऊक. मग ते लांब नाक वळणावर दिसलं, संथ, सरळ, लग्नाच्या वरातीसारखं. शिवानं मला बघून गाडी कडेला घेतली, खाली उतरला, माझ्याच कपातला गार चहा एका घोटात प्याला. "लई ग्वाड गाडी हाय, मारत्या," म्हणाला. बस. दुसरा शब्द नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि पुढच्याच क्षणी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे त्याच्या हातात तिसराही सुटला नाही? माझ्याशीच काय वैर होतं तिचं?

मग पुढची अठरा वर्षं मी ते बघत बसलो. माझी नवीन गाडी सहा वर्षांत विकली, गुडघे दुखायला लागले म्हणून निपाणीत हे दुकान टाकलं. शिवा मात्र त्या जुन्या धुडाला सजवत राहिला. माझ्या काळात मी दिलेला लाल रंग त्यानं खरवडून काढला. खाली मिलिटरीचा हिरवा निघाला, तर दारावर हातभर हिरवा तसाच ठेवला. म्हणाला, "तिचं म्हायेर हाय ते." फळ्या सागवानी घातल्या. मागच्या फाळक्यावर मोर काढून घेतला. दरवर्षी एफसीला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, गाडी नेली की तिथले लोक भोवती जमायचे, अलीकडे तर कॉलेजची पोरं तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायची. माझ्या गाडीचा, नवीन होती तेव्हासुद्धा, कुणी फोटो काढला नव्हता.

तो पार्ट घ्यायला माझ्याच दुकानात यायचा. फिल्टर, पट्टे, ऑइल सील. मी वाट बघायचो ती एका वस्तूची. दुकान टाकलं त्याच वर्षी मी त्या मॉडेलचा तिसऱ्या गिअरचा सेट मुद्दाम मागवून वरच्या फळीवर ठेवला होता, ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळून. एक ना एक दिवस तो येईल आणि म्हणेल, "मारत्या, तिसरा सुटतोय रं." मग मी शांतपणे शिडीवर चढेन. हे चित्र मी किती वेळा रंगवलं असेल! तो कधी मागायला आला नाही. सेटवर धूळ बसायची, मी ती पुसायचो.

आणि खंडेनवमी. दर खंडेनवमीला तो गाडी धुऊन, हार घालून माझ्या दुकानासमोर आणून उभी करायचा, दोनदा हॉर्न द्यायचा. चाकाखाली लिंबं ठेवायचा आणि हाक मारायचा, "ये, मारत्या. लिंबावरनं तू घाल गाडी. पयला मान तुझा." मी दरवर्षी गिऱ्हाइकाचं निमित्त सांगायचो. गिऱ्हाईक नसलं तर काउंटरखाली वाकून काहीतरी शोधायचो. तो थोडा वेळ थांबायचा, मग स्वतःच गाडी पुढं घ्यायचा. अठरा वर्षांत मी त्या केबिनमध्ये एकदाही चढलो नाही. मागच्या खंडेनवमीलाही नाही. मला वाटायचं, तो मला खिजवायला येतो.

दिवसकार्य झाल्यावर शांताक्कानं, त्याच्या बायकोनं, मला बोलावणं धाडलं. गाडी तिचा भाऊ आनंदा चालवणार होता. "मारुतीअण्णा, खोडी सांगायला हे तर न्हाईत. तुमीच बसा एक फेरी," ती म्हणाली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. उजवं दार वर न उचलता उघडलं. डिझेलचा काटा खरं तेच दाखवत होता. माझ्याकडे सांगायला काही उरलंच नव्हतं... आणि मग मला ती पट्टी दिसली. ट्रकच्या ट्यूबची, तीन बोटं रुंद. एक टोक गिअरच्या दांडीला गाठ मारून बांधलेलं, दुसऱ्या टोकाला तारेचा आकडा. तिसरा टाकला की आकडा सीटच्या लोखंडात अडकवायचा, दांडी हलत नाही. बोटानं आकडा सोडला की गिअर मोकळा. ट्यूब हाताच्या घामानं काळी गुळगुळीत झाली होती. म्हणजे तिसरा सुटत होता. पहिल्या दिवसापासून सुटत होता.

"ही खोड ठाव हाय मला," आनंदा म्हणाला. "तुमीच सांगितल्याली न्हवं? दाजी सगळ्यांस्नी सांगायचे. म्हणायचे, तिसरा सुटतोय हे मारुतीनं आधीच सांगून ठेवलंतं, म्हणून त्या दिवशी घाटात वाचलो."

मी संकेश्वरपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसलो. शिवानं हे टोमणा म्हणून माझ्या तोंडावर मारलं असतं तर किती बरं झालं असतं! मीही दोन शब्द सुनावले असते, फिट्टंफाट झाली असती. पण तो हे सांगत फिरला ते जिथं मी नव्हतो तिथं. त्याचं कौतुक ऐकावं लागेल म्हणून मी ज्या ज्या घोळक्यातून उठून गेलो, त्या त्या घोळक्यात तो माझं कौतुक करत होता.

परत आल्यावर मी शांताक्काला सांगून टाकलं. ओट्यावर बसून, खाली मान घालून. "आक्का, तिसऱ्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं. मुद्दाम."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "ठाव हाय मला. मक्याची खेप टाकून आले त्याच दिवशी बोलले हे."

"मग लोकांस्नी असं का सांगायचा?"

"मीबी इचारलं. तर म्हणले, सगळी गाडी दिली त्यानं. एक खोड ठिऊन घेतली, तर घिऊ दे की."

घरी न जाता मी दुकानात गेलो, शिडीवर चढलो आणि तो सेट खाली काढला. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवून आम्ही तो बसवला. मेकॅनिकनं नको म्हटलं तरी मी गाडीखाली झोपलो, गुडघ्यांनी दोन दिवस शिव्या दिल्या. मग गाडीत पोती भरून आनंदा तवंदी घाट उतरला, मी शेजारी. तिसरा जागचा हलला नाही. पट्टीचं आता काही काम नव्हतं. आनंदानं ती गाठ न सोडता दांडीवरून अलगद सरकवून काढली आणि बाहेर टाकायला हात उचलला, तो मी धरला.

ती पट्टी आता माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहे, जिथं सेट होता तिथं. गिऱ्हाइकं विचारतात, हे कशाचं? मी सांगतो, विकायचं न्हाय. परवा दुकानात कुणी नसताना तसलीच दुसरी पट्टी करून बघितली. तीच ट्यूब, तेवढीच रुंदी, तसाच आकडा. पण गाठ काही केल्या तशी बसेना, ओढली की सरकते. शेवटी ती फेकून दिली. शिवाची गाठ मात्र मी सोडून बघितलेली नाही. सोडली तर मला ती परत बांधता येणार नाही.