कडेवाडी मी मारली

बायांनो, चहा ओता आणि नीट बसा. कुणाच्या हातून दूध उतू जातं, कुणाच्या हातून कपबशी फुटते. माझ्या हातून अख्खी वाडी मेली. तीही कागदावर, माझ्या स्वतःच्या सहीनं! हसा, हसा. हसायचंच आहे. मधे एक माणूस खरोखर गेलाय, तेवढ्यापुरतं गप्प बसा म्हणजे झालं.

कडेवाडी माझं माहेर. मी शिकलेय चौथी, पण वाडीचा इतिहास-भूगोल मला विचारा. चाकणहून मावळतीकडं निघायचं. कंपन्यांच्या भिंती संपतात, मग हॉटेलं संपतात, मग डांबर संपतं. तिथून पुढं डोंगर. तीन बाजूंनी कडा, चौथ्या बाजूनं ओढा, मधे आम्ही. झाला भूगोल.

इतिहास असा, की आमचे पूर्वज वरच्या गडावर पाणी वाहायचे. गड पडला, राजे गेले, पाणी वाहणं मात्र बायकांच्या डोक्यावर राहिलं. पुढं धरणानं खालची भातखाचरं नेली आणि कंपन्यांनी पोरं नेली.

आणि लोकसंख्या? माझ्या लहानपणी चाळीस चुली होत्या. गेल्या सालापर्यंत उरली होती अकरा माणसं. त्यातला सगळ्यात तरणाबांड म्हणजे माझा चुलतभाऊ बबन, वय वर्षं बावन्न!

मी तेव्हा राहायचे पुनावळ्याला, सातव्या मजल्यावर. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटायचे. आमचे हे त्याच पट्ट्यात शिफ्टला जातात. आई मात्र वाडीतच. 'मरेन तर हितंच,' हे तिचं ठरलेलं.

आता ओढ्याचं ऐका, कारण सगळं रामायण तिथंच आहे. पावसाळ्याचे चार महिने ओढा अंगाबाहेर येतो आणि वाडी तुटते. कुणी आजारी पडलं की घोंगडीची झोळी करायची, बांबूला बांधायची आणि चौघांनी छातीभर पाण्यातून पलीकडं न्यायची. म्हणून वाडी किती वर्षं एकच मागत होती. ओढ्यावर साकव. चार माणसं चालतील एवढा छोटा पूल. विमानतळ नाही मागितला!

तर गेल्या साली वैशाखात मी माहेरी गेले होते. दुपारची वेळ. सगळी वाडी हिरडा गोळा करायला रानात गेलेली. घरात मी आणि आई. बघते तर ओढ्यापलीकडं पांढरी गाडी थांबली. त्यातून एक गॉगलवाला उतरला, पँट वर दुमडून अलीकडं आला आणि मोबाईलवर घरांचे फोटो काढायला लागला.

माझं डोकंच सणकलं. एजंट! शेजारची वाडी अशाच गॉगलवाल्यांनी खाल्ली. तिथं आता फार्महाऊस आहेत आणि मूळ मालक त्याच फार्महाऊसवर झाडांना पाणी घालतात. मी वाडीत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, 'एजंटाशी बोलायचं नाही, कागदावर सही करायची नाही, अंगठा तर खिशातच ठेवायचा.'

आईला सांगायची सोय नव्हती. ती आल्यागेल्याला चहा पाजते आणि सात पिढ्यांची नावं सांगते. म्हणून मी तिला मागच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

"काकू, या घरात किती माणसं राहतात?" गॉगलवाला आला की समोर.

"कुणी नाही."

"जमीन कुणाच्या नावावर? वारस किती?"

बघा! वारस! आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता?

"मेले," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे. घरंच्या घरं रिकामी झाली. ते समोरचं, मेले. ते टोकाचं, मेले. त्या पलीकडच्यांचं तर नावसुद्धा काढू नका."

माझा हिशोब सरळ होता. मेलेल्याची सही कोण देणार? वारसनोंदी होईपर्यंत एजंट म्हातारा होतो. म्हणून मी हात सैल सोडून माणसं मारली. सख्खा चुलता मारला, बबन मारला, बबनची बायको मारली. तिच्याशी माझं पटत नाही, तिला जरा जास्तच मारलं.

तेवढ्यात आत आई खोकली.

"आत कोण खोकतंय?"

"शेळी."

"शेळी अशी खोकते?"

"तुम्ही कधी शेळी पाळलीय का? मग गप्प बसा."

तो गप्प बसला. गरीब माणूस असावा. "मी काय म्हणतोय..." एवढं तो तीन वेळा म्हणाला, पण मी वाक्य पुरं करू दिलं तर शपथ! शेवटी म्हणाला, "मग वाडी बेचिराग लिहू? म्हणजे इथं वस्ती नाही असं. तुम्ही तसं लिहून द्याल?"

मी म्हटलं, आणा कागद! एजंटाला त्याच्याच कागदात बांधायचा. आणि बायांनो, जिनं सगळ्या वाडीला 'सही करू नका' म्हणून शिकवलं, तिनंच पूर्ण नाव, खाली पुनावळ्याचा पत्ता आणि झोकदार सही ठोकली. तो ओढा ओलांडून गेला तेव्हा मी वाडी वाचवल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी होते.

आषाढ लागताना बबनचा फोन आला.

"शकूताई, साकव गेला."

"वाहून गेला?"

"बांधला कधी व्हता वाहून जायला? यादीतनं गेला. डोंगरातल्या वाड्यांची पाहणी केली म्हणं सरकारनं. आपली वाडी बेचिराग निघाली. कुना तरी बाईनं लिवून दिलंय."

"कोण सटवी ती?" मी एवढी ओरडले, की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. "तिचं नाव सांग, तिच्या दारात जाऊन झिंज्या उपटते!"

"सहीचा फोटो हाय माझ्याकडं. धाडतो."

फोटो आला. मी उघडला. खाली पत्ता पुनावळ्याचा! आमचे हे म्हणतात, लग्नानंतर घरात पहिल्यांदाच एवढी शांतता झाली.

आता मी सांगितलेला तो गप्प बसायचा भाग. श्रावणात माझे चुलते, बबनचे वडील, तुकानाना तापानं फणफणले. झोळी केली, ओढ्यापर्यंत आणली. पाणी दोन पुरुष खोल. माणसं पाणी उतरायची वाट बघत बसली. सकाळची दुपार झाली. नाना तिथंच, झोळीत गेले.

मी गेले तेव्हा बबनचे पाय धरले. त्यानं पाय ओढून घेतले. "साकव मंजूर झाला असता तरी या पावसाळ्यात थोडाच बांधून झाला असता?" असं म्हणाला. माझ्यासाठी म्हणाला, हे मला कळलं. त्याची बायको उठून चुलीकडं गेली. तिनं मला चहा दिला. त्यापेक्षा पाठीत लाकूड घातलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ऐका, नानांच्या मृत्यूचा दाखला अडला! कचेरीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "त्या वाडीत वस्तीच नाही. मग माणूस मेला कुठं?" बबननं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

आईचं नानांसारखं होऊ नये म्हणून मी तिला उचलून पुनावळ्याला नेलं आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लागले. कँटीनच्या सुट्ट्या संपल्या तशा बिनपगारी घेतल्या. तिथल्या साहेबांना म्हटलं, "साहेब, वाडी जिवंत आहे. मी खोटं बोलले. मला जेलात टाका, पण साकव द्या."

साहेब थंड. "जेल आमच्याकडं नाही. फेरपाहणी लावतो. दहा माणसं राहती दाखवा, मग प्रस्ताव पुढं जाईल."

अकरातले नाना गेले. राहिले दहा. दहावी माझी आई, आणि ती माझ्या सोफ्यावर. मग काय! मार्गशीर्षात फेरपाहणीच्या सकाळी तिला लुगडं नेसवलं, रिक्षातून नेलं, ओढ्यापासून पाठुंगळी घेतलं. वाटभर पढवलं, "आई, विचारलं की एकच सांगायचं, मी इथंच राहते."

"बरं बरं."

या वेळी आली ती एक तरुण मॅडम. गळ्यात ओळखपत्र, आवाज गोड. वाडी रांगेत उभी. एक, दोन, तीन, नऊ झाले. दहावी आई.

"आजी, तुम्ही इथंच राहता ना?"

"न्हाई बाय. मी लेकीकडं ऱ्हाते, पुनावळ्याला. लय ग्वाड लेक हाय माझी. लिफ्ट हाय तिथं. बटान दाबलं की वर!"

"आई!"

"काय आई? सरकारच्या माणसाशी खोटं बोलू? एकदा कुनीतरी बोललं तर काय झालं, बघितलं न्हवं?"

कुणीतरी! तिला तोवर ठाऊक नव्हतं, ते कुणीतरी कोण. वाडीतल्या एकानंही तिला सांगितलं नव्हतं. नऊच्या नऊ माणसं आपापल्या पायांकडं बघत होती. बबनची बायकोसुद्धा.

मॅडमनं पेन थांबवलं. "मग नऊच लिहू?"

पुढचं माझं तोंड बोललं, मी नाही. "दहा लिहा. दहावी मी."

"तुम्ही इथं राहता?"

"आजपासून."

"साकव होईपर्यंत आम्ही मधेमधे तपासायला येऊ. कधीही येऊ."

"या. चहा पाजीन."

तर बायांनो, तुम्ही एवढ्या लांबून मला भेटायला आलात, हा तो किस्सा. कँटीन सुटलं. साकवाचे दोन खांब उभे राहिलेत. पावसाला महिना उरलाय. वर फळ्या पडतात का ओढा आधी येतो, देव जाणे. मी डोक्यावर पाणी वाहते, हिरडा वाळवते आणि मॅडम कधी येतील म्हणून ओढ्याकडं डोळे लावून बसते.

आई तिकडं माझ्या पलंगावर झोपते. यांच्यासोबत मालिका बघते. लिफ्टमधे तिच्या चार मैत्रिणी झाल्यात. परवा मी कड्यावर चढून, रेंज शोधून फोन केला. म्हटलं, "आई, करमत नाही गं. चार दिवस ये की इकडं."

"नगं बाई," आई म्हणाली. "तिथं कोन ऱ्हातं?"